उलट्या पावलांचे विधाते सर

विधाते सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सातपूरच्या रस्त्यावरून उलटे चालत होते. पाळी नुकतीच सुटली होती. कंपन्यांच्या गेटांमधून मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडत होता, आणि हा साठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस पुठ्ठ्याची एक चौकट डोळ्यासमोर धरून रस्त्याच्या कडेने मागे मागे सरकत होता. मागून एका मुलीने त्यांच्या पाठीवर हात टेकवला होता, तेवढाच काय तो आधार. लहानपणी मला उलट्या पावलांच्या हडळीची गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की अजूनही कुणी उलटं चालताना दिसलं की मी आधी त्याची पावलं बघते. हा माणूस आता माझ्या डोळ्यांदेखत चाकाखाली जाणार, अशी माझी खात्रीच झाली. पण ते नेमके माझ्यापाशी येऊन थांबले, वळले आणि चौकटीतून माझ्याकडे बघत म्हणाले, "क्लाससाठी आलात ना ताई? तोंडावरूनच दिसतंय. लय भ्यालात."

भ्याले होतेच. मी मुळातच भित्री. कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघणारी, गॅस बंद केला की जिन्यातून परत वर येणारी. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याचा कॅमेरा घरी ठेवून गेला. नाशिक रोडच्या आमच्या घरात तो कपाटावर पडून होता. "आई, बाहेर पड जरा," असं मुलगा दर फोनवर म्हणायचा. बाहेर पडायला काही निमित्त हवं म्हणून मी विधाते सरांच्या क्लासला नाव घातलं. टायरच्या दुकानावरची एक खोली, तिथे पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता. अर्ध्या सातपूरची लग्नं आणि ओळखपत्रांचे फोटो त्यांनी काढले होते. मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, स्टुडिओ बसला, आणि सर शिकवायला लागले.

पहिला महिनाभर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. प्रत्येकाला पुठ्ठ्याची एकेक चौकट दिली आणि रस्त्यावर उभं केलं. "काय दिसतंय?" असं विचारायचे. मी सांगायची, भाजीवाला दिसतोय, त्याची गाडी दिसतेय. "ते मधलं झालं. मधलं कुणालाबी दिसतं. कडा बघा, ताई. चारी कडांवरून डोळा फिरवल्याशिवाय बटण दाबायचं नाय." मग कडेला बघितलं की कळायचं, भाजीवाल्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धं कुत्रं आलंय. "हे अर्धं कुत्रं कुणी बोलावलं?" असं ते इतक्या गंभीरपणे विचारत की हसू दाबणं मुश्कील व्हायचं.

मग हलत्या गोष्टींचे धडे सुरू झाले. पाळी सुटताना रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, येणाऱ्यांतली एक मोटारसायकल निवडायची आणि कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत नेऊन मधेच बटण दाबायचं. जमलं की मोटारसायकल स्वच्छ येते आणि मागची दुकानं, माणसं, झाडं सगळी रेघांसारखी वाहून जातात. मला ते जमेना, कारण गाडी जवळ आली की मी डोळे मिटायची. सर रागावले नाहीत. "भ्यायला हरकत नाय," ते म्हणाले. "डोळे मिटायला हरकत हाय. भ्यालेला माणूस लय नीट बघतो. उलट तुम्हाला हे लवकर जमायला पाहिजे."

उलटं चालणं हा त्यांचा सगळ्यात लाडका धडा. दोघांची जोडी करायची. समोरून कुणीतरी चालत येतंय, आपण कॅमेरा डोळ्याला लावून त्याच चालीने मागे जायचं. चौकटीत तो माणूस मोठाही होता कामा नये आणि लहानही. आपल्याला मागचं काही दिसत नाही, म्हणून जोडीदाराने पाठीवर हात ठेवायचा. हात डावीकडे दाबला की डावीकडे, उजवीकडे दाबला की उजवीकडे. तोंडाने बोलायचं नाही. माझी जोडी नेहमी सरांबरोबर असायची, कारण दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवून मागे पाऊल टाकायला मी तयारच नव्हते.

दारणा नदीच्या अंगाला सरांचा वडिलोपार्जित मळा होता. तिथे झेंडू व्हायचा. मळा त्यांच्या थोरल्या बहिणीच्या हातात होता, त्या अक्का. सरांची आई ते रांगत असतानाच गेली. अक्कांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. अक्का विधवा होऊन मळ्यात परत आल्या त्या कायमच्याच. सत्तरी ओलांडली होती, कंबर वाकवता यायची नाही, म्हणून त्या सरीत उकिडव्या बसून फुलं खुडायच्या आणि बसल्या बसल्याच पुढे सरकायच्या. झेंडूच्या झाडांमधून तेव्हा फक्त त्यांचं पांढरं डोकं दिसायचं. सर म्हणायचे, "सगळ्या जगाचे फोटो काढले, पण अक्काचा एक फोटो राहिलाय. फुलं खुडताना, तिच्या नादात."

तो फोटो कधीच निघाला नाही. कॅमेरा दिसला रे दिसला की अक्का उठून उभ्या राहायच्या. डोक्यावर पदर घ्यायच्या, दोन्ही हात अंगालगत सरळ सोडायच्या, आणि सावधान म्हटल्यासारख्या ताठ. "अक्का, खाली बस गं, काम करतानाचा पाहिजे!" सर ओरडायचे. "बसून काय फोटो काढतेत व्हय?" अक्का म्हणायच्या. "फोटूला उभं र्‍हावं मानसानं. आपल्याला काय रीत हाय का नाय?" सरांनी आम्हा सगळ्यांना तोच धडा दिला होता: अक्कांना नकळत टिपा. पण त्यांना कॅमेऱ्याचा वासच यायचा. घाबरल्या मात्र की त्यांची तऱ्हा उलटी. रस्त्यावर एकदा ट्रकचा टायर फुटला, तर त्या जागच्या जागी खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. सर धावत गेले, तरी कितीतरी वेळ उठेनात.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बिबट्याचं बोलणं सुरू झालं. आधी शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं. मग कुणाचं वासरू. मोबाईलवर रोज नवे व्हिडिओ यायचे, त्यांतले निम्मे खोटे असायचे आणि मी मात्र सगळेच खरे मानायची. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर मांजर बसलेलं दिसलं तरी मी घरात पळायची. वनखात्याच्या लोकांनी मळ्याशेजारच्या उसाच्या बांधावर पिंजरा लावला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं: पळू नका, पाठ दाखवू नका, आणि शेतात खाली बसू नका. बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. सर तेव्हापासून अक्कांच्या मागे लागले, उभ्यानं खुड, नाहीतर खुडूच नको. अक्का म्हणायच्या, "बाळू, माझ्यात काय खाणार हाय तो? हाडं?"

आपण क्लास मळ्यात नको घेऊया, असं मी सरांना सांगितलं होतं. ते हसले नाहीत. "मलाबी वाटतं तसंच," म्हणाले. "पण दसरा तोंडावर हाय, फुलं तर काढायलाच लागतील. चार माणसं असली तर अक्का एकटी नाय पडणार." म्हणून आम्ही गेलो.

सकाळची वेळ. दंव पडलं होतं. बाकीची मंडळी पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी फुलांच्या क्रेटचे फोटो घेत होती. अक्का दूर, उसाकडच्या शेवटच्या सरीत बसल्या होत्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. सर आणि मी हळूहळू त्यांच्या बाजूला गेलो. आज फोटो मिळणार असं सर कुजबुजले, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. केशरी फुलांत पांढरं डोकं, फुलावर हात. बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने कडांवरून डोळा फिरवला.

उजव्या वरच्या कोपऱ्यात, ऊस आणि झेंडू यांच्या मधल्या गवतात, दोन कान होते.

मला ओरडता आलं नाही. फक्त "सर" एवढं तोंडातून आलं, तेही आवाजाशिवाय. पण त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या रोखाने बघितलं होतं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. ओरडलं असतं तर अक्का दचकून तिथंच आणखी खाली दबल्या असत्या, डोकं झाकून, आणि उठल्याच नसत्या, हे मला फार नंतर उमगलं. सरांना ते त्या क्षणीच उमगलं होतं. त्यांनी रोजच्या, थोड्या चिडक्या आवाजात हाक मारली, "अक्का, ताई फोटो काढतायत गं तुझा."

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, "अगं बाई" म्हणत सावकाश उठल्या, आमच्याकडे वळल्या, पदर घेतला, हात सरळ सोडले आणि ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यामागे गवत हललं.

"चेहरा दिसेना, अक्का. पुढं ये. कॅमेऱ्याकडं बघत ये."

"कॅमेरा खाली घेऊ नका, ताई," ते मला अगदी हळू म्हणाले. "आपण मागं जायचंय. तिला आहे तेवढीच ठेवा."

अक्का येऊ लागल्या. मी मागे जाऊ लागले. सरांचा हात पाठीवर दाबत होता, डावीकडे, सरळ, पुन्हा डावीकडे. चौकटीत अक्का तेवढ्याच होत्या, आणि त्यांच्या मागे ते जनावर आता पूर्ण बाहेर आलं होतं. झेंडूत उभं होतं. पोट खाली, मान पुढे. मला डोळे मिटायचे होते. इतकी भीती मला जन्मात वाटली नाही, आणि इतकं स्वच्छ मी जन्मात काही पाहिलं नाही. त्याच्या मिशांवरचं दंवसुद्धा मला दिसलं असं अजून वाटतं, खरंखोटं देव जाणे. "अजून किती मागं जाताय रं?" अक्का कुरकुरल्या. "उजेड नाय गं तिथं," सर म्हणाले. त्यांचा आवाज तसाच होता. पण पाठीवरच्या हाताची बोटं माझ्या पाठीत रुतत होती.

मोटारीच्या खोलीचा उंबरा टाचेला लागला. बाकीच्यांनी आम्हाला बघितलं, मग अक्कांच्या मागचं बघितलं, आणि सरांच्या नजरेला घाबरून सगळे मुकाट आत सरकले. अक्का आत आल्या आणि सरांनी दार लावून घेतलं. मग पत्रे बडवले, आरडाओरडा केला, वस्तीवरची माणसं धावली. तोवर झेंडूत काही नव्हतं.

"निघाला का चांगला?" अक्कांनी मला विचारलं. मी बटण दाबलंच नव्हतं.

काय झालं ते कळल्यावर अक्का खाली बसल्या आणि डोकं झाकून घेतलं. सर त्यांच्यासमोर बसले, त्यांचे हात धरले आणि रडायला लागले. मोठा माणूस तोंड उघडं टाकून रडतो तसे. "ताई, मी लय भ्यालो," ते मला म्हणाले. "अक्का नसती तर मी कुठला?" त्यानंतर त्यांनी मळ्यात क्लास घेतला नाही. सातपूरच्या रस्त्यावरही ते सरळ चालायला लागले, आणि दर थोड्या वेळाने वळून मागे बघायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कडा बघतोय." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. बिबट्या पिंजऱ्यात कधी आलाच नाही.

उन्हाळ्यात सर गेले. स्टुडिओच्या खुर्चीत बसले होते, दुपारी, छातीत कळ आली आणि संपलं. उसातून कुणी आलं नाही, मोटारसायकलखालीही आले नाहीत. ज्या भीतीकडे मी इतकी वर्षं डोळे लावून बसले होते तिच्याकडे तो माणूस गेलाच नाही. मला याचा अजून राग येतो.

यंदा दसऱ्याच्या आधी अक्कांचा निरोप आला, फुलं घेऊन जा. मी गेले. कॅमेरा गळ्यात होता. मळ्यात दुसरं कुणी नव्हतं. उसाच्या बांधावर पिंजरा तसाच उघडा पडला होता, त्याच्यावर वेल चढला होता. अक्का शेवटच्या सरीत बसल्या होत्या. मी हाक मारणार होते, पण आधी कॅमेरा डोळ्याला लावला. अक्का उठल्या नाहीत. त्यांना मी आल्याचं कळलंच नव्हतं, की कळूनही काही वाटलं नव्हतं, कोण जाणे. हातात फूल घेऊन त्या नुसत्या बसून होत्या. केशरी फुलांत पांढरं डोकं, सकाळचा तिरपा उजेड. सरांना जन्मभर हवा होता तो फोटो माझ्यासमोर होता.

मी कडांवरून डोळा फिरवला. डावी, खालची, वरची. उजव्या कोपऱ्यात उसाची पानं हलत होती. वारा होता. वाराच असणार.

"अक्का," मी म्हणाले. आवाज शक्य तितका रोजचा ठेवला. "फोटो काढतेय तुमचा."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर घेतला. हात सरळ सोडले.

"चेहरा दिसत नाही, अक्का. पुढे या. माझ्याकडे बघत या."

त्या येऊ लागल्या आणि मी मागे जाऊ लागले. माझ्या पाठीवर हात नव्हता.