भातावर टांगलेले सिनेमे

या रविवारी पोलादपूरच्या वर, आत्याच्या वाडीला गेलो होतो. महाडहून निघालो तेव्हाच डोकं तापलेलं होतं... वाडीच्या वळणावर पोचलो आणि ते फुटायच्या बेतात आलं.

आधी थोडं मागचं सांगतो. मी जुन्या मराठी विनोदी सिनेमांच्या सीड्या जमवतो. पेपरवाल्यांनी ज्यांना दोन ओळींत 'पाचकळ' म्हणून निकालात काढलं आणि आमच्या आख्ख्या तालुक्याने ज्यांच्यावर जीव टाकला, तेच सिनेमे. बंद पडलेली दुकानं, कुणाकुणाच्या माळ्यावरचे खोके... वीस वर्षं धुंडाळतोय.

ऑनलाइन सगळं मिळतं, असं लोक मला ऐकवतात. नाही मिळत हो! पुरस्कारवाले मिळतात. हसवणाऱ्या सिनेमाची मूळ प्रिंट कुठल्या गोदामात सडली, हे विचारायलाही कुणी जात नाही.

आमच्या ओळखीचे एक सर आहेत, चित्रपट रसग्रहणाची शिबिरं घेतात. माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पिऊन, माझ्या कपाटाकडे बघत म्हणाले, हा कचरा कशाला जपतोस? दुसऱ्या दिवशी बारा गंभीर सिनेमांच्या सीड्या आणून दिल्या... माझी दृष्टी तयार व्हावी म्हणून.

पाहिले मी ते बाराही. तीन खरंच चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. पण एकात एक माणूस वीस मिनिटं विहिरीकडे बघत बसतो, तर ती कला. आणि आमचा हवालदार म्हशीमागे धावता धावता स्वतःच्याच चौकीच्या कोठडीत कोंडला जातो, तर तो पाचकळपणा. हा कुठला न्याय?

त्या हवालदारात माझा जीव अडकलाय. बाबा मुंबईला कॅन्टीनमध्ये कामाला होते. एका गणपतीला येताना त्यांनी ही सीडी आणली आणि मग दर गणपतीला वाडीवर ती लागायचीच. एरवी बाबा फारसं बोलायचेही नाहीत... पण कोठडीचं दार लागलं की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं हसणं आमच्याकडे कुठे रेकॉर्ड केलेलं नाही. ही सीडी तेवढी आहे. दुसरी मला कुठेही मिळाली नाही, आणि कॉपी काढायला गेलं तर ओरखड्यांमुळे अर्ध्यावर बंद पडते. आत्याकडच्या जुन्या प्लेअरवर तेवढी चालते.

महाडात सावित्री नदीचं पाणी कधी घरात शिरेल सांगता येत नाही. म्हणून दर मेअखेरीला मी सगळे खोके आत्याकडे उंचावर नेऊन ठेवतो आणि दिवाळीत खाली आणतो. यंदा त्या खोक्यांत सरांच्या सीड्याही होत्या, आणि मधेच सरांचा फोन आला. शिबिर आहे, माझ्या बारा सीड्या ताबडतोब हव्यात, आणि त्या तुझ्या कचऱ्यात मिसळल्या नाहीत ना... म्हणून मी तापलेला.

वळणावरून खाली बघतो, तर पिकल्या भातावर दोऱ्यांना टांगलेल्या सीड्या वाऱ्यावर गरगर फिरतायत. पाखरं उडवायला आमच्याकडे लोक टाकाऊ सीड्या लावतात, त्यात नवीन काही नाही. पण माझ्या सीड्या टाकाऊ?

सत्तरीच्या बाईला, बाबांच्या सख्ख्या बहिणीला, मी अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या बोलायला सुरुवात केली. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. "तुलासुद्धा हा कचराच वाटला ना?" एवढं आठवतंय. ती सुपात तांदूळ पाखडत होती, ती पाखडतच राहिली.

"बोलून झाला? आता बांधावर जा नि वाच, कुठल्या टांगल्यात त्या."

गेलो. वाचल्या. दहा होत्या. त्यातल्या नऊ सरांच्या!

भाताची लावणी झाल्यावर दुपारच्या वेळी वाडीतल्या बाया आत्याकडे जमायच्या. एकेक करून त्यांनी सगळे खोके बघून संपवले होते. "ज्याला कोन हसला नाय नि कोन रडला पन नाय, त्या शेतावर गेल्या," आत्या म्हणाली. सरांच्या तीन सीड्या तिने पेटीत जपून ठेवल्या होत्या... मला आवडल्या होत्या त्याच तीन. दहावी माझी, सासू-जावयाची. "त्यात नुसते वराडतात रे." खरं आहे. तो टुकारच आहे, इतकी वर्षं मी कबूल करत नव्हतो.

आणि हवालदार? पेटीत तर दिसेना.

"तो पेटीत कशाला? प्लेअरमधीच हाय. कोठडीचा दार लागला का आम्ही जरा थांबवतो. तुझा बाप हसून घेतो, मंग पुढं लावतो."

मी पायरीवर बसलो आणि रडलो. आत्या सूप बाजूला ठेवून चहा टाकायला आत गेली.

ती सीडी मी आणली नाही. माझ्या कपाटात ती नुसती जपली गेली असती.

सरांना फोन करून सांगितलं, तीन सीड्या आणल्यात, बाकीच्या नऊ कामावर आहेत, भात कापून होईपर्यंत त्यांना सुट्टी नाही. ऑनलाइन सगळ्या मिळतात, लिंक मीच पाठवल्या. सर फार रागावलेत... रागावू देत. सिनेमा कुणी बघायचा नि चांगला-वाईट कुणी ठरवायचा, यावरून मी वीस वर्षं रागावलेलाच होतो.

आत्याचे आभार तिच्या तोंडावर मानले तर ती सुपानेच हाणेल. म्हणून इथे मानतो. माझ्या बाबांना हसायला वेळ दिलास, आत्या.