केकमधली चार अंडी

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत नाताळ करणारं घर एकच, आमचं. त्यामुळे पंचवीस डिसेंबरला फराळाची ताटं अख्ख्या गल्लीत मलाच वाटावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत कंबरेचा काटा ढिला होतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि वर केकचे दोन तुकडे. माझं माहेर अहमदनगरकडचं. आमच्या मंडळीत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच असतो, केक तेवढा जास्तीचा.

पहिलं ताट शेजारच्या काकूंचं. आपले आजेसासरे होळकरांच्या पदरी कारकून होते हे काकू ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतात आणि पुढच्या पाच मिनिटांत काहीतरी खायला घालतात. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा गल्लीतलं दुसरं मराठी घर तेवढंच. तेव्हापासून रोज चारला त्यांच्या स्वयंपाकघरात चहा. सगळ्यांना पांढरे कप, मला निळ्या फुलांचा. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर डबा त्यांच्याकडून आला, आणि त्या महिन्यातही मी त्यांच्याशी दोनदा भांडले, कारण त्या भाजीत साखर घालतात. माझा स्वभावच तसा, काय करणार!

काकू मार्गशीर्षातले गुरुवार कडक पाळतात. त्या दिवशी घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. पण माझ्या केकवर त्यांचा भारी जीव. ताटातले दोन तुकडे संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी येऊन विचारणार, "उरलाय का गं थोडा?" मी मनात म्हणायचे, वा, काकू किती मोकळ्या मनाच्या आहेत.

गेल्या नाताळच्या आधीच्या रविवारी मी संडे स्कूलला बायबलातली दोन चाकरांची गोष्ट शिकवत होते. धन्याच्या मनात काय आहे हे ज्या चाकराला ठाऊक होतं, तरी त्याने केलं नाही, त्याला फटके जास्त. ज्याला ठाऊकच नव्हतं त्याला थोडे. कळलं की जबाबदारी आली, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "टीचर, मग काही माहीत न करून घेतलेलंच बरं ना?" मी तिला चांगलंच झापलं.

त्याच दिवशी चारच्या चहाला काकू म्हणाल्या, "अगं, काल भाचीने केक केला. बिलकुल बसला! मतलब, भाकरी तरी बरी. तुझा बिना अंड्याचा इतका फुलतो कसा गं?"

माझ्या केकमध्ये चार अंडी असतात. मोजून चार.

आता बघा, चूक कुणाची? इंदूरच्या बेकऱ्यांत केक मुळात बिनअंड्याचाच असतो, अंड्याचा हवा तर तसं सांगावं लागतं. इथे जन्म काढलेल्या काकूंना केक म्हणजे शाकाहारीच. आणि अंड्याशिवाय केक होतो हे मला लग्न होऊन इथे येईपर्यंत ऐकूनही माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

"ओव्हन चांगलाय हो माझा," असं काहीतरी पुटपुटून मी घरी पळाले. त्या क्षणापर्यंत मी थोड्या फटक्यांची चाकर होते. आता जास्तीच्या रांगेत उभी.

नवरा पेपर वाचत होता. सगळं ऐकून म्हणाला, "बीस साल खाल्ला, त्यांना काय झालं? जाने दो ना. यंदा गुपचूप बिन अंड्याचा दे."

"गुपचूप म्हणजे? आणि मागच्या वीस वर्षांचं काय?"

"सांगितलंस तर तोंड बघणार नाहीत त्या तुझं."

हीच तर भीती होती. मला या शहरात ओळखीचे शंभर लोक आहेत, पण माझा राग झेलणारं माणूस नवरा सोडून एकच. ते गेलं तर चार वाजता मी जाणार कुठे? दोन दिवस मी डोकं दुखतंय म्हणून चहाला गेले नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच इतकी चीड आली की तशीच चपला घालून निघाले.

काकू गराडूचे कंद चिरत बसल्या होत्या. खाज सुटू नये म्हणून हाताला तेल चोपडलेलं. मी बसलेसुद्धा नाही. "काकू, माझ्या केकमध्ये अंडी असतात. दरवर्षी होती. तुम्हाला ठाऊक नाही हे मला रविवारी कळलं."

सुरी थांबली. काकू उठल्या, साबणाने हात धुतले, पुसले. मग वळून म्हणाल्या, "हे मला का सांगितलंस?"

"म्हणजे काय? सांगायला नको?"

"नको! मला ठाऊक नव्हतं तोवर देवाने सोडून दिलं असतं. बीस साल मजेत खात होते. आता कसा खाऊ? सुटला ना माझा केक!"

मी माफी मागायला गेले होते, पण आवाज चढलाच. "मग मी एकटीनेच फटके खायचे का?" त्या म्हणाल्या, कसले फटके? मी तिथेच उभ्या उभ्या दोन चाकरांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली, आणि म्हणाल्या, "अच्छा. मतलब तुझे फटके कमी व्हावे म्हणून माझा केक गेला. जा तू आता."

हे मात्र लागलं मला. कारण खरं होतं. सांगून मी मोकळी झाले होते, आणि ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून आले होते. नुसतं सांगितलं की जबाबदारी संपली, असं त्या गोष्टीत कुठे होतं? घरी येऊन मी कपाटातून मैदा काढला.

अंड्यांऐवजी दही घालून केला, तो बसला. दूध पावडर घालून केला, तो वरून करपला आणि आत कच्चा. तिसरा मी रागाने साच्यासकट सिंकमध्ये आदळला. नवरा म्हणाला, भांड्याने काय केलंय तुझं? चोवीस तारखेला दुपारी मी चौथ्याची तयारी करत होते, तर दारात काकू. एका हातात कोरा साचा, दुसऱ्या हातात दह्याची वाटी.

"करपल्याचा वास आला तेव्हाच कळलं, बिना अंड्याचा करतेयस. तुझ्या भांड्यांत नको. त्यांत वीस वर्षं अंडी झालीत," म्हणाल्या. "आणि हटो जरा, दही मी फेटते. तुला धीर नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी त्यांना मैदा चाळण्यावरून ओरडले. त्यांनी उलट ओरडून घेतलं. तासभर आम्ही दोघी नुसत्या एकमेकींवर खेकसत होतो, आणि मी तुम्हाला सांगते, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

नाताळच्या दिवशी उपासना आटोपून मी पहिलं ताट घेऊन गेले. काकूंनी केकचा तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"कसाय?"

"पहिल्यासारखा नाही गं," त्या म्हणाल्या, आणि दुसरा उचलला. मग चहा गाळता गाळता थांबल्या. "मलाही एक सांगायचंय. त्या फटक्यांचं ऐकल्यापासून झोप नाही. हा निळ्या फुलांचा कप... सुरुवातीला तुझ्यासाठी वेगळा ठेवला होता मी. वेगळ्या फळीवर. घासायचेही वेगळा. मग माझा पाय मोडला, महिनाभर सगळी भांडी तू घासलीस, तेव्हा मिसळला तो. नंतर तुला द्यायची नुसती सवय राहिली."

बोलताना त्यांची मान खाली होती. मी ताट बाजूला सरकवलं.

"ठाऊक होतं, काकू. पहिल्याच आठवड्यात फळी दिसली होती मला. म्हणून तर तुमचा पाय मोडला तेव्हा एकाच घासणीने सगळे घासले आणि तो पांढऱ्या कपांच्या मधोमध नेऊन ठेवला. मुद्दाम."

काकू डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिल्या. "ठाऊक होतं? आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर भांडण झालं असतं. आणि मला चहा हवा होता."

"मग जास्तीचे फटके तुलाच!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला, आणि मग पदराने डोळे पुसले. मीही पुसले. चहा त्यांनी परत गाळला, पांढरा कप माझ्यापुढे ठेवला आणि निळ्या फुलांचा आपल्याकडे ओढला.