अनसाक्काचं करवंदीचं कुंपण

ईटच्या शाळेत माझी नवी नेमणूक झाली, तेव्हा खोली भाड्यानं मागायला मी अनसाक्काकडे गेलो. तिनं पाण्याचा तांब्या आणि पळसाच्या पानावर मूठभर पिकली करवंदं पुढं ठेवली. मी बिया अंगणात थुंकल्या, तशी ती म्हणाली, "खावा गुरुजी, पन बी थुकू नका. ह्या वाटीत टाका." मी वाटीत बिया टाकत बसलो. खोली मिळाली.

कारण नंतर कळलं. नवरा वारल्यावर दिरानं तिला माहेरी जायला सांगितलं होतं. ती गेली नाही. मग त्याच्या बैलगाड्या तिच्या घरामागच्या परड्यातून जाऊ लागल्या आणि चाकोरी दरवर्षी घराकडे सरकू लागली. "पटवारी गेला, तलाठी आला, पन माझी मोजनी काय आली न्हाय," असं ती म्हणायची. दगडी गडगा घालायची ऐपत नव्हती. बाभळीच्या काट्या लावल्या, तर दीर उचलून फेकायचा. म्हणून तिनं करवंदीचं कुंपण करायचं ठरवलं.

गावाला हसू आलं. डोंगरातली जाळी कुणी दारात लावतं का, असं बायका विचारायच्या. तिचं उत्तर ठरलेलं असे: "ज्याला कुनी पानी घालत न्हाय, ते मरत बी न्हाय."

तरी पहिली दोन वर्षं तिनं पाणी घातलं. ओल्या बिया मृगात टोचल्या. उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणी ती रोपारोपाशी वाकून ओतायची. तिसऱ्या वर्षी झुडपं कमरेला लागली, पांढरी फुलं आली. गाड्यांना अडचण होऊ लागली.

चैत्रातल्या एका दुपारी शाळेतून परतलो, तर परड्यात धूर. दिरानं पाचट पेटवलं होतं आणि 'वाऱ्यानं आग सरकली' असं तो सांगत होता. अनसाक्का हातांनी माती लोटत होती. आम्ही दोघांनी आग विझवली तेव्हा सगळी ओळ काळी पडली होती आणि तिच्या बोटांना फोड आले होते.

मी तहसीलदाराला अर्ज लिहितो म्हणालो. ती म्हणाली, "लिवा. पन अर्ज पोचस्तोवर म्या पानी घालते."

हाताला चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी तिनं जळके फोक विळ्यानं बुडाशी छाटले. पावसाळ्यात एकेका बुंध्यातून चारचार धुमारे फुटले. दोन वर्षांत कुंपण असं दाटलं की शेळीचंही तोंड आत शिरेना. गाड्या शेतांमधल्या पांदीनं, वळसा घालून जाऊ लागल्या.

मग एकदाची मोजणी आली. साखळी टाकून मोजणीदारानं खुणा केल्या. कुंपण अनसाक्काच्या हद्दीच्या हातभर आत होतं. दिरानं ती खूण दोनदा पाहिली, उपरणं झटकलं आणि निघून गेला. एवढी जागा का सोडली, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "झाड पसरतंय, गुरुजी. माझं झाड त्येंच्या जागंत कशाला जावं?"

पुढच्या उन्हाळ्यात तिची जाऊ, त्याच दिराची बायको, लोणच्यासाठी हिरवी करवंदं मागायला आली. अनसाक्कानं तिचा पदर भरला. चीक जायला रात्रभर मिठाच्या पाण्यात घाल, असंही बजावलं. मला राग आला. ती गेल्यावर अनसाक्का शांतपणे म्हणाली, "गाड्या आडवाय लावलंय. मानसं न्हाय."

पुढं माझी तुळजापूरकडं बदली झाली. काही वर्षांनी बाजारात ईटचा एक ओळखीचा भेटला. अनसाक्का वैशाखात गेली, म्हणाला. शेवटच्या आजारपणात दिरानं आपल्या घरी चल म्हणून दोनदा सांगितलं होतं. ती हलली नाही. म्हणून जाऊच आपलं अंथरूण घेऊन तिच्याकडं राहायला आली होती.