चंद्राची बातमी उद्या

लहांगे गुरुजींच्या शाळेत मी रुजू झाले तो दिवस सतरा डिसेंबर होता, हे मला ऑर्डर न बघता सांगता येतं. मोखाड्याहून जीपमध्ये चेपून आणि पुढे अर्धा तास चालून मी पाड्यावर पोचले, तेव्हा परिपाठ चालू होता. दोन खोल्यांची शाळा, अंगणात मुलांच्या रांगा आणि भिंतीवर मोठा फळा. फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ मारलेली. डावीकडे लिहिलं होतं, ‘जगात : आजच्या दिवशी माणसाचं पहिलं विमान बारा सेकंद उडालं.’ उजवीकडे, ‘आपल्या पाड्यात : आजच्या दिवशी देवजीचा कोंबडा शाळेच्या कौलांवरून थेट जांभळीपर्यंत उडाला. वेळ कोणी मोजली नाही.’

मुलांनी विमानाला टाळ्या वाजवल्या आणि कोंबड्याला त्याहून जास्त वाजवल्या. मी नगरकडची, डी.एड.ला दिनविशेष म्हणजे जयंत्या आणि पुण्यतिथ्या एवढंच शिकलेली. सगळ्यांसमोर गंभीर राहायचं ठरवून आले होते, पण तोंडावर पदर घेऊनसुद्धा माझं हसू फुटलं. फळ्याजवळचा उंच, काटकुळा माणूस वळला. त्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोचतील की काय इतके लांब होते. “हसा बाई, खुशाल हसा,” तो म्हणाला. “विमानवाल्यांनाही लोक आधी हसलेच असतील.”

हे लहांगे गुरुजी. याच पाड्यात जन्मले, याच शाळेत शिकले आणि इथेच मास्तर झाले. त्या हातांमुळे फळ्याच्या अगदी वरच्या कडेलाही ते सहज लिहायचे. त्यांच्या नंतर फळ्याचा तेवढा भाग पुसायचा म्हटलं तर मला स्टुलावर चढावं लागे. “उंची देवाची, हात आयशीचे,” असं ते म्हणायचे आणि लांब हातानेच माझं डस्टर काढून घ्यायचे.

डाव्या बाजूसाठी त्यांच्याकडे दिनविशेषाचं एक छापील पुस्तक होतं. उजव्या बाजूसाठी जाडजूड वही. त्या वहीपायी त्यांनी सगळ्या पाड्याला भंडावून सोडलं होतं. बाजाराच्या दिवशी मोखाड्यात कोणी म्हातारा भाजी निवडताना दिसला की गुरुजी त्याच्याशेजारी उकिडवे बसणार आणि विचारणार, “बाबा, तुमच्या विहिरीला पाणी लागलं तो दिवस कोणता?” म्हातारा म्हणे, नागली खळ्यात होती. मग नागली खळ्यात कधी आली, त्या साली खळं कोणी सारवलं, सारवणारीची लेक कधी नांदायला गेली, असं करत करत गुरुजी तारखेपर्यंत पोचायचे. तोवर म्हाताऱ्याची जीप निघून जायची. “कुठलीच तारीख रिकामी नसते बाई,” ते मला सांगत. “फक्त विचारणारा माणूस रिकामा पाहिजे.”

एकदा केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले. फळ्यावर डावीकडे टेलिफोनवरून पहिल्यांदा माणसाचे शब्द गेल्याची नोंद होती. उजवीकडे ‘सोनीला आंब्याच्या तिसऱ्या फांदीवर मोबाईलची रेंज सापडली’ असं होतं. साहेबांनी चष्मा खाली केला. “गुरुजी, हे पुस्तकात आहे का?”

“साहेब, पुस्तकात आमचा पाडाच नाही, तर फांदी कुठून असणार?”

मी खिडकीच्या गजांकडे बघत राहिले. साहेबांनी खिशातला फोन काढून बघितला आणि हळूच विचारलं, “तिसरी फांदी म्हणजे डावीकडून की उजवीकडून?” पुढच्या वर्षी त्या तारखेला उजवीकडे एक ओळ वाढली, ‘केंद्रप्रमुख साहेब आपल्या आंब्यावर चढले.’

आमचं भांडण मात्र एकाच तारखेवरून व्हायचं आणि ते दरवर्षी व्हायचं. छापील पुस्तक म्हणे, माणूस चंद्रावर उतरला वीस जुलैला. गुरुजी वीस तारखेला डावीकडे मोठ्या अक्षरांत लिहीत, ‘चंद्राची बातमी उद्या.’

“गुरुजी, सगळं जग वीस म्हणतं,” मी म्हणायची.

“त्यांच्या घड्याळात वीस असेल. तो चंद्रावर उतरला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आणि त्याने पाय टाकला तेव्हा आपली सकाळ झाली होती. एकवीसची सकाळ! आपली माणसं तेव्हा आवणीला चिखलात उभी होती. आपल्या फळ्यावर आपलं घड्याळ.”

भात लावायच्या दिवसांत चंद्राचं घड्याळ कोण बघतं, असं मला वाटे. पण हिशोब केला तर गुरुजीच बरोबर निघायचे, आणि मला त्याचा भारी राग यायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आताच्या मुलांचे जन्म दवाखान्यात होतात, त्यांना खऱ्या तारखा आहेत. पण त्यांच्या आईबापांची आणि आज्यांची पिढी घ्या. शाळेत नाव घालताना पूर्वीचे मास्तर मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी, लिहा एक जून. त्यामुळे आमचा निम्मा पाडा एकाच दिवशी जन्मलेला आहे. लहांगे गुरुजीही त्यातलेच.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मार्चमधल्या एका परिपाठाला चौथीची रंजना उभी राहिली. “गुरुजी, समद्यांची नावं फळ्यावर आली. कोंबड्याचंही आलं. तुमचं कधी येनार?”

“एक जूनला,” कोणीतरी म्हणालं.

“एक जूनला सुट्टी असते!”

“मग रिटायर व्हायच्या दिवशी.”

तोही एकतीस मे. शाळेला तेव्हाही कुलूप. गुरुजी हसले, “अरे, फळा लिहिणाऱ्याचं नाव फळ्यावर नसतंच,” म्हणाले आणि पाठ फिरवून खडू शोधू लागले. खडू त्यांच्या हातातच होता. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने कोंबड्यालासुद्धा इतिहासात बसवलं, तो स्वतः एका खोट्या तारखेमुळे तसाच निघून जाणार होता.

मी ठरवलं की सुट्टी लागायच्या आत गुरुजींची खरी तारीख काढायची. त्याच दुपारी खिचडी झाल्यावर रंजना आणि चौथीचा सगळा वर्ग घेऊन मी त्यांच्या घरी गेले. गुरुजी मागून लांब ढांगा टाकत आले. “बाई, काय हा पोरखेळ! आमची आये थकली आता, तिला काय आठवणार?”

त्यांच्या आई सोमीआजी ओट्यावर पाय पसरून मोहाची फुलं निवडत होत्या. मी विचारलं, “आजी, गुरुजी कधी जन्मले?”

“आवनीचं दीस व्हतं,” त्यांनी वर न बघता सांगितलं. “ह्याचा बापूस मीठ आनाया जव्हारला गेलता. सांजचा आला तो लांबूनच वरडत आला, ‘अगं, चांदावर मानूस चालला! दुकानात रेडिवा सांगत व्हता!’ मी म्हनली, चांदावर कोन चालला त्याला चालू दे. आथं कोन आला तो बघ आधी.”

रंजना किंचाळली, “एकवीस जुलै!” आणि चौदा पोरं अंगणात नाचायला लागली. कोंबड्या उधळल्या, मोहाची टोपली लवंडली, मीही रंजनाचे हात धरून गरगर फिरले. गुरुजी खाली बसले होते.

“आये, तू मला कधी सांगितलं नाहीस!”

“तू कवा इचारलंस? साऱ्या पाड्याच्या रेडकाचं इचारत फिरतोस.”

गुरुजींनी बोटांवर हिशोब केला, मग उलटा केला, मग माझ्याकडे बघितलं. चंद्राचं साल आणि रजिस्टरातलं साल यांत दोन वर्षांची तफावत निघत होती. म्हणजे शाळेत नाव घातलं तेव्हा त्यांना चार वर्षंही पुरी नव्हती. त्यांनी आपला उजवा हात डोक्यावरून नेला. हात कान ओलांडून पार हनुवटीपर्यंत आला. “घ्या!” ते ओरडले. “हात लांब, नोकरी आखूड!” आणि आधी ते हसले, मग आम्ही सगळे हसलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी त्याच हाताने पुसलं. “दोन वर्षं त्या मास्तरांना माफ,” ते म्हणाले. “पण चंद्र एकवीसचाच. मी सांगत होतो की नाही बाई?”

सात वर्षांचं आमचं भांडण मी त्या ओट्यावर हरले.

एकतीस मेला कुलूपबंद शाळेसमोर उभे राहून गुरुजी निवृत्त झाले. जुलैत वीस तारखेला रविवार आला, म्हणून मी शनिवारीच फळ्यावर लिहून ठेवलं, ‘चंद्राची बातमी सोमवारी.’ सोमवारी स्टुलावर चढून उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘जगात : आपल्या घड्याळाप्रमाणे आजच्या सकाळी माणूस पहिल्यांदा चंद्रावर चालला.’ उजवीकडे, ‘आपल्या पाड्यात : आज आपले लहांगे गुरुजी जन्मले.’

गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले आणि मुकाट्याने पहिलीच्या रांगेत शेवटी उभे राहिले. आईला त्यांनी दाराशी खुर्चीवर बसवलं होतं. रंजना पाचवीला मोखाड्याला गेली होती, पण ती शाळेला दांडी मारून आली होती. मी नोंदी वाचल्या. टाळ्या थांबेनात. गुरुजी रांगेतून निघाले, माझ्या हातातला खडू घेतला आणि उजवीकडे, अगदी वरच्या कडेला, जिथे माझा हात स्टुलाशिवाय पोचत नाही, तिथे आणखी एक ओळ लिहिली, ‘आज सोमी लहांगे आई झाल्या.’

“काय लिवलास?” आजींनी विचारलं. गुरुजींनी दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवल्या. आधी जग, मग पाडा. आजी ऐकत होत्या, पण त्यांची नजर फळ्याच्या डाव्या बाजूला होती.

“पोऱ्या,” त्या म्हणाल्या, “तो चांदावरला मानूस घरा आला का रं? तुझ्या बापसाने जाल्याचं सांगितलं. आल्याचं कोनी सांगितलाच नाय.”

गुरुजी खडू हातात तसाच धरून आईसमोर खाली बसले. “आला, आये,” ते म्हणाले. “कधीचा आला.”

“मग बरा झाला,” आजींनी सुस्कारा टाकला. “त्याची आयस वाट बघत आसल, असा वाटायचा मना.” आणि लेकाच्या लांब हाताला धरून त्या उठल्या.