ताणावरचं डाळिंब आणि पाण्यातला अ‍ॅक्सोलॉटल

तुमच्या वर्गात काचेच्या पेटीत अ‍ॅक्सोलॉटल पाळलाय आणि आजीने असला सॅलॅमँडर, बेडकाच्या गोतातला शेपटीवाला प्राणी, कधी पाहिला नसणार, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी तो आधी इंग्रजी पुस्तकात पाहिला, आणि नंतर गावी बावड्याला, आपल्याच घरात.

नव्वद सालानंतर तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाने तिथे उसाशेजारी डाळिंब लावलं. बाग हिरवीगार, पण फूल धरेना. डाळिंबाला बहारासाठी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पुन्हा पाणी सोडलं की झाड फुलतं. भाऊजींचा जन्म उसात गेलेला. पाट वाहत असताना रान कोरडं ठेवणं त्यांना पाप वाटे. यंदा फळ नाही आलं तर बाग उपटून ऊस लावणार, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी तेव्हा बारामतीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. सुट्टीत बावड्याला गेले तेव्हा मी भाऊजींना अ‍ॅक्सोलॉटलचं सांगितलं. भरपूर पाण्यात तो म्हातारा होईपर्यंत पोरच राहतो, मानेभोवती कल्ल्यांची झालर मिरवत. पाणी हळूहळू कमी केलं, तर एखादा मोठा होऊन जमिनीवर येतो.

"म्हंजी आमच्या थोरल्यावानी," भाऊजी म्हणाले. त्यांचा थोरला मुलगा तिशीचा. गळ्यात रुमाल, सकाळभर पुढाऱ्यांच्या जीपमागे, दुपारी झोप.

"मग त्याचंही पाणी तोडा."

"त्ये त्याच्या आईच्या हातात हाय, वैनी. डाळिंबाचं तोडतो."

तोडलं. पानं पिवळी पडून गळू लागली. भाऊजी बागेकडे पाठ करून जेवायचे. अशात पाटाला पाणी आलं आणि त्यांचा धीर सुटला. इंदापूरला लग्नाला निघताना ते थोरल्याला म्हणाले, "दुपारी बागंत पाणी सोड." मी अडवून पाहिलं. ऐकलं नाही.

थोरला जेवून झोपला. संध्याकाळी भाऊजी परतले तेव्हा पाटाच्या पाण्याची आमची पाळी संपून पाणी शेजाऱ्याच्या उसात चाललं होतं.

"पाळी गेली व्हय रं झोपंत?"

"काकूच म्हणत्यात ना, पाणी द्यायचं न्हाय. मी शास्त्राप्रमाणं झोपलो."

ताण पुरा झाल्यावर विहिरीचं पाणी दिलं. बाग लालभडक फुलली, आणि उपटायची राहिली. थोरला मात्र पारावर बसून गावाला ताण कसा द्यावा हे समजावू लागला. बोलताना घसा कोरडा पडला की तो घराकडे बघून हाक मारी, आणि जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन निघत.