पायलट काकू आणि त्यांची भवानी

पायलट काकू रस्त्यानं चालायच्या त्या मान वर करून. दिग्रसच्या भर बाजारात हातगाड्या, सायकली, गायी आपणहून बाजूला व्हायच्या आणि काकूंची नजर विजेच्या तारांवर, झाडांच्या शेंड्यांवर, वाऱ्यानं हलणाऱ्या झेंड्यांवर. "काकू, खाली पाहून चाला," असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "खाली काय हाय पाहाले? खड्डेच तं हायेत. ते मले पाठ हायेत."

खरं नाव कौसल्या. माझ्या फोटो स्टुडिओच्या शेजारच्या गाळ्यात त्या ब्लाउज शिवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुसदला दिलेली, वय पंचावन्नच्या पुढं. लग्नाच्या शूटिंगसाठी मी ड्रोन घेतला तेव्हा बघायला सगळी गल्ली जमली. मी तो उडवला आणि पहिल्याच झेपेत समोरच्या चिंचेत नेऊन अडकवला. शिडी लावून तो उतरवल्यावर काकू पुढं आल्या. "तू त्याले बैलासारखा हाकलून राह्यला. आण इकडं." तीस वर्षं शिलाई मशीनवर चाललेली बोटं ती. त्यांनी रिमोटच्या दोन दांड्या अंगठ्यांनी हळूच ढकलल्या आणि ड्रोन आमच्या डोक्यावर असा उभा राहिला, की जणू कुणी खिळ्याला टांगलाय. त्या दिवसापासून खालचा कॅमेरा माझा आणि वरचा काकूंचा.

ड्रोनला त्या भवानी म्हणायच्या. उडवण्याआधी तिला दम द्यायचा, हा नेम. "भवाने, लय दूर गेली तं घरात घेणार नाही." लोक हसायचे, पण काकू गंभीर असायच्या.

खोडसाळपणा मात्र पुरेपूर. भवानीला जे दिसेल ते मांडवातल्या मोठ्या पडद्यावरही दिसायचं. एका लग्नात नवरदेवाचे मामा रुसले. मान मिळाला नाही म्हणून अन्नाला शिवणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. दोन तास समजूत काढणं चाललं. मग मामा दिसेनासे झाले. काकूंनी भवानी हळूच स्वयंपाकाच्या तंबूमागं नेली. पडद्यावर मामा! मांडीवर परात, तोंडात जिलेबी. घरघर ऐकून त्यांनी वर पाहिलं, तेव्हा दोन्ही गाल फुगलेले. अख्खा मांडव लोटपोट झाला. नवरीचे वडील भांडायला आले, तर हसू आवरता न आल्यानं तसेच परत गेले. मी रागावलो, तर काकू म्हणाल्या, "म्या काय केलं? भवानीनं पाह्यलं."

पुढं शेतकरीही बोलावू लागले. तुरीत रानडुकरं कुठं बसलीत, हरवलेली म्हैस कोणत्या नाल्यात उतरलीय, हे काकू खाटेवर बसून सांगायच्या. दोन चुलतभाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रोज भांडत. दोघांचा दावा एकच, दुसऱ्यानं धुरा सरकवला. काकूंनी वरून फोटो काढून दोघांपुढं धरला. दोघांनीही गावच्या पांदण रस्त्यात, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या सगळ्यांच्या वाटेत, कपाशीच्या चार-चार ओळी पेरल्या होत्या. काकू म्हणाल्या, "देऊ का हा फोटो सरपंचाले?" भांडण तिथंच मिटलं.

माझा एक कॉलेजमित्र कोकणात किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतो. लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं, असा तो खेळ. त्याला वरून शूटिंग हवं होतं. मी काकूंना घेऊन गेलो. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं पाणी! अन् आमच्या नळाले चार दिवसाआड?"

पहिले दोन दिवस त्या नुसत्या हसत होत्या. "हे पोट्टे पडाले कायले इतके दूर जाऊन राह्यले?" पण काम चोख. वाळू पंख्यात जाऊ नये म्हणून भवानीला हातावरूनच उडवायच्या, हातातच झेलायच्या. कोणती लाट उठणार आणि कोणती नुसतीच फुगून विरणार, हे तिसऱ्या दिवशी त्यांना माझ्या मित्राइतकंच कळू लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी शिकायला आलेल्या इरा नावाच्या मुलीच्या पायाला फळी बांधणारा पट्टा तुटला. मोकळी फळी किनाऱ्याला आली, इरा आली नाही. ओढीचं पाणी तिला आत नेत होतं. लाटांच्या आड आम्हाला काहीच दिसेना. काकूंच्या हातातल्या स्क्रीनवर मात्र ती दिसत होती, काळ्या ठिपक्याएवढी. "तिथं! मी भवानीले तिच्या डोक्यावर उभी करतो, तू भवानीकडं पाहून जा!" मित्र फळी घेऊन पाण्यात शिरला.

तेवढ्यात रिमोट बोंबलू लागला. बॅटरी संपत आली होती आणि ड्रोन आपणहून परत फिरू पाहत होता. काकूंनी बटण दाबून त्याला थांबवलं. मी ओरडलो, "काकू, परत बोलवा! पाण्यात पडेल!"

"चूप बस बे."

मित्र भवानीच्या खुणेनं हात मारत गेला. त्यानं इराचा दंड धरलेला आम्ही स्क्रीनवर पाहिला आणि स्क्रीन काळी झाली. दूरवर एक छोटासा तुषार उडाला, बस्स.

इराला वाळूवर आणलं, तेव्हा ती खोकत होती. काकूंचे अंगठे अजून रिमोटवरच होते. मग एकदम त्या इरावर कडाडल्या, "पोहता येते म्हणे! पोरी, जीव घेतला असता ना माहा!" आणि तिला छातीशी धरून रडू लागल्या.

संध्याकाळी मी तोंड पाडून म्हणालो, "भवानी गेली, काकू."

"बाईमाणूस होती. पोरीसाठी गेली. तुले नाही समजणार."

मित्रानं काकूंना हंगामभर कामाला बोलावलं. पुसदहून मुलगी आली, ओरडली, रुसली. काकूंनी गाळा बंद केला. जाण्याआधी आठवडाभर मला नव्या ड्रोनवर शिकवलं. "अंगठ्यात राग नोको," एवढाच त्यांचा धडा. आजही कुणावर चिडलो की माझे अंगठे आपोआप सैल पडतात. बसस्टँडवर गल्लीतल्या बाया डोळे पुसत होत्या. काकू खिडकीतून म्हणाल्या, "रडता काहून? मी मेली नाही, समुद्रावर चालली."

मागच्या आठवड्यात वरून घेतलेला एक व्हिडिओ आला. पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट चढवून काकू फळीवर पालथ्या पडलेल्या. लाट आली, त्या गुडघ्यावर उठल्या, मग हात पसरून चक्क उभ्या राहिल्या. तीन सेकंद. मग धपकन पाण्यात! वर आल्या, चूळ थुंकली आणि कॅमेऱ्याकडं बोट नाचवत बरंच काही बोलल्या. खाली इरानं लिहिलं होतं, "काकू म्हणताहेत, हे दिग्रसला पाठवलंस तर घरात घेणार नाही. म्हणून लगेच पाठवतेय."