मावशींच्या डोक्यावरचं व्हायोलिन

मावशी सत्तावीस वर्षं एकाच टेबलापाशी उभ्या होत्या. लाँड्रीत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या त्या मावशी, अगदी मालकाच्यासुद्धा, आणि मालक त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. त्यांचं काम एकच, इस्त्री. सकाळी नऊला टेबलाशी उभ्या राहिल्या की संध्याकाळी सहाला पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटायचे.

वरच्या मजल्यावर व्हायोलिनचा क्लास होता. दिवसभर शिकाऊ मुलांची करकर चालायची, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी. मावशींना ती ऐकूसुद्धा यायची नाही. चार वाजता मात्र पोस्टमास्तर शिकायला यायचे. नोकरीतून सुटून त्यांना चार वर्षं झाली होती, तरी नाव तेच राहिलं होतं. त्यांचे शर्टही मावशींकडेच यायचे. कॉलर डावीकडे जास्त घासलेली असायची, हनुवटीखाली वाद्य धरून.

दोन वर्षं पोस्टमास्तर एकच संथ धून वाजवत होते. चारच्या सुमाराला मावशींची पाठ धरलेली असायची आणि अजून साठेक शर्ट बाकी असायचे. धून सुरू झाली की हात आपोआप तिच्यामागून चालायचे. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. मध्ये एका चढणीपाशी पोस्टमास्तर हमखास अडखळायचे. थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून यायचे. तेवढ्यात मावशी इस्त्री उभी करून ठेवायच्या आणि कंबर सरळ करायच्या. दिवसभरात तेवढीच उसंत.

एकदा शर्ट न्यायला आले तेव्हा पोस्टमास्तरांनी दोन पास काउंटरवर ठेवले. "रविवारी संध्याकाळी क्लासचा कार्यक्रम आहे. माझंही आहे त्यात. या."

"मला त्यातलं काय कळतं, काका?"

"दोन वर्षं ऐकताय की. तुमच्याइतकं कुणी ऐकलंय?"

मावशी थोरल्या जाऊबाईंना घेऊन गेल्या. ठेवणीतली साडी नेसल्या. खुर्ची मऊ होती. असं तासभर टेकून बसायला मिळालं त्याला किती दिवस झाले, ते त्यांना आठवेना. आजूबाजूचे लोक डोळे मिटून माना हलवत होते. कुणी खोकलं तरी चारजण वळून बघत. हातांचं काय करावं ते मावशींना सुचेना. त्यांनी पदराचं टोक मांडीवर घेऊन सरळ केलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.

पोस्टमास्तर कोट घालून आले. धून तीच होती, पण कुठून तरी लांबून आल्यासारखी वाटत होती. मावशी त्या चढणीची वाट बघत राहिल्या. ती कधी आली आणि कधी गेली ते त्यांना कळलंच नाही, कारण पोस्टमास्तर अडखळलेच नाहीत. पुढचं काही त्यांच्या कानावर पडलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा जाऊबाईंनी कोपर मारलं.

"घोरत होतीस."

"मोठ्यांदा?"

"पुढच्या रांगेपर्यंत."

मंगळवारी पोस्टमास्तर आले. घड्या मोजायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

मावशींना खोटं बोलता आलं असतं. "झोप लागली हो मला," त्या म्हणाल्या. "पाठ टेकली आणि डोळेच मिटले. आणि खरं सांगू? ते तुमचं वाटलंच नाही. इथे वर वाजवता ते तुमचं."

पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला. घड्या मोजता मोजता म्हणाले, "दोन वर्षं घासलं त्याच्यावर." मग शर्टांचा गठ्ठा उचलून दाराशी गेले आणि तिथूनच म्हणाले, "माझाही जीव गुदमरत होता तिथे. कोट मुलाचा होता."

ते गेल्यावर मावशींना तीन दिवस चुटपुट लागून राहिली. चांगलं झालं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्या स्वतःलाच विचारत होत्या. चौथ्या दिवशी वर नवी धून सुरू झाली. भराभर उड्या मारणारी. मावशींची बाही चुकली, दुहेरी घडी पडली, पुन्हा पाणी शिंपडावं लागलं.

धुलाईकडची बाई म्हणाली, "काय मावशी, आज कुठे लक्ष आहे?"

"त्यांनी नवं धरलंय. माझ्या हाताला बसत नाही अजून."

"मग कान बंद करा."

"कान बंद होतात होय? हात थांबतात."

महिना दीड महिना तसाच ओढाताणीत गेला. मावशी रोज चार वाजता मनातल्या मनात पोस्टमास्तरांना बोल लावायच्या, आणि साडेचारला गप्प व्हायच्या. मग हळूहळू हात पळायला लागले. नव्या धुनेत एक जागा होती, तिथे पोस्टमास्तरांना सूर सापडायचा नाही. ते शोधत बसले की मावशी इस्त्री खाली ठेवायच्या.

एक दिवस सहाला घरी निघताना त्यांना जुनी धून आठवावीशी वाटली. पहिल्या दोन ओळी आल्या, पुढे नवीच घुसली. रस्ताभर त्यांनी प्रयत्न केला, जिन्यात केला, प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबत केला. तिसऱ्या मजल्यावर किल्ली काढली, आत जाऊन दिवा लावला आणि भाजी निवडायला बसल्या. मग राहूनच गेलं.